फ्लास्कपासून फर्मेंटरपर्यंत: किनाऱ्यावरच्या छोट्या लॅबमध्ये फाज कसा वाढवावा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला फाज हा विषय घेतला की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. प्लेटवर प्लाक, म्हणजे फाजने जिवाणू मारून पाडलेल्या गोल खिडक्या, दिसतात, फोटो निघतात, सर खूश होतात. मग पुढच्या कामासाठी अर्धा लिटर चांगला दाट लायसेट (जिवाणू फुटून फाज बाहेर पडलेलं द्रावण) लागतो आणि हातात येतं ते पाणचट काहीतरी. एकदा टायटर, म्हणजे मिलीमागे फाजची संख्या, भरपूर येतं, पुढच्या वेळी त्याच कृतीने शंभरावा हिस्साही येत नाही. हा लेख त्या टप्प्यावर अडलेल्यांसाठी आहे. रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कणकवली अशा ठिकाणच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जे सामान असतं तेवढ्यात कसं भागवायचं, आणि कधी विद्यापीठाचा छोटा फर्मेंटर (हवा, ढवळणं, तापमान आपोआप सांभाळणारं भांडं) वापरायला मिळालाच तर काय करायचं, ते सांगतो.

फाज म्हणजे फक्त जिवाणूंना लागण करणारा विषाणू. माणसाच्या, माशाच्या किंवा कोळंबीच्या पेशीत तो वाढत नाही. १८९६ मध्ये आग्र्याला अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात अशी नोंद केली. पुढे १९१५ मध्ये ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये देरेल यांनी या विषाणूंचं वर्णन केलं. इतिहास इथेच थांबवतो, कारण आपलं काम फ्लास्कमधलं आहे.

फाज स्वतः काहीच करत नाही. ना तो खातो, ना श्वास घेतो, ना वाढतो. त्याला लागणारं सगळं यजमान जिवाणू पुरवतो. म्हणून फाजच्या उत्पादनातले नव्वद टक्के प्रश्न खरं तर जिवाणूच्या तब्येतीचे असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्यातूनच सुचत जातं.

कोणता फाज, कोणता जिवाणू

पहिल्यांदा करताय तर टी-फोर फाज आणि ई. कोलाय बी ही जोडी घ्या. नाहीतर टी-सेव्हन. दोन्ही पूर्णपणे मारक जातीचे आहेत, म्हणजे पेशीत शिरले की ती फोडूनच बाहेर पडतात. ई. कोलाय बी आणि के-ट्वेल्व्ह या लॅबमधल्या पाळीव, निरुपद्रवी जाती आहेत. जिवाणूची अधिकृत जात पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहांकडून कॉलेजच्या नावाने मागवता येते. फाज शक्यतो विद्यापीठाच्या विभागाकडून, नाव-गाव माहीत असलेला घ्या.

खाडीच्या पाण्यातून स्वतःचा फाज शोधायचा मोह सगळ्यांना होतो. भाट्याच्या किंवा जयगडच्या खाडीतून एक बाटली पाणी आणलं तरी त्यात फाज असतातच. शोधायला हरकत नाही, पण यजमान म्हणून लॅबचा निरुपद्रवी ई. कोलायच ठेवा. पाण्यातले अनोळखी जिवाणू आणून वाढवत बसू नका. आणि धुरकट, मध्ये ढगाळ असे प्लाक देणारा फाज उत्पादनासाठी घेऊ नका. तो बहुधा जिवाणूच्या जनुकांत लपून राहणाऱ्या जातीचा असतो. असे फाज जनुकं इकडून तिकडे नेतात. कॉलऱ्याच्या विषाचं जनुकसुद्धा एका फाजवरच असतं, हे १९९६ पासून माहीत आहे.

फाज हातात आला की थेट वाढवू नका. एक सुटा प्लाक निर्जंतुक टिपने उचला, बफरमध्ये सोडा, पुन्हा प्लेट करा. असं तीनदा करा. कंटाळवाणं काम आहे, पण मिश्र फाज घेऊन केलेल्या ऑप्टिमायझेशनला काही अर्थ नसतो.

पहिली पायरी: यजमानाचा आलेख

फाजला हात लावण्याआधी एक अख्खा दिवस फक्त जिवाणूला द्या. एलबी माध्यम करा: लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह. पाणी डिस्टिल्डच घ्या. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, तेव्हा त्या पाण्यात केलेलं माध्यम आणि ऑगस्टमधलं माध्यम एकसारखं नसणार. मग निकाल का बदलले ते शोधत बसाल.

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली माध्यम, त्याहून जास्त नाही. फ्लास्कच्या एक पंचमांश एवढंच भरायचं. आदल्या रात्रीचं कल्चर शंभरात एक या प्रमाणात टाका, ३७ अंश, शेकर १८० ते २०० फेऱ्यांवर. दर १५ मिनिटांनी ओडी ६०० (६०० नॅनोमीटर प्रकाशात मोजलेला कल्चरचा गढूळपणा) घ्या आणि तेव्हाच थोडं पातळ करून प्लेटवरही पसरवा. दोन्ही आकडे शेजारी लिहा. तुमच्या मशीनवर ओडी ०.३ म्हणजे मिलीला किती जिवंत पेशी, हे यातून कळेल. पुस्तकात ओडी १ म्हणजे साधारण ८० कोटी पेशी असं असतं, पण तो आकडा मशीनगणिक बदलतो. कॉलेजच्या जुन्या कलरीमीटरवर तर खूपच.

आलेख काढल्यावर एक गोष्ट बारकाईने बघा. एलबीमध्ये ई. कोलाय सुरुवातीला वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, पण ओडी ०.३ च्या पुढेच त्याचा वेग हळूहळू कमी व्हायला लागतो. कल्चर अजून गढूळ होत असतं, आपल्याला वाटतं झकास वाढतंय, पण आतून त्याचा दम कमी होत असतो. फाजच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. भरभर वाढणाऱ्या पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा भरपूर असते, म्हणून एका पेशीतून जास्त फाज निघतात आणि लवकर निघतात. सुस्तावलेल्या पेशीत तोच फाज उशिरा आणि मोजकाच तयार होतो.

भातलावणी करणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. रोप तीन-चार आठवड्यांचं असताना लावलं तर फुटवे चांगले येतात. पाऊस लांबला, रोप तरव्यातच म्हातारं झालं, की मग कितीही खत घाला.

दुसरी पायरी: मोजायचं कसं

टायटर नीट मोजता येत नसेल तर पुढचं काहीच करू नका. पद्धत जुनीच, दोन थरांच्या अगरची. खाली दीड टक्का अगरचा थर. वर ०.५ ते ०.७ टक्के अगर, ४५ ते ५० अंशांवर पातळ ठेवलेला, त्यात ताजं यजमान कल्चर आणि पातळ केलेला फाज मिसळून ओतायचा. रात्रभर ठेवल्यावर जिवाणूंच्या हिरवळीत, म्हणजे प्लेटभर वाढलेल्या थरात, गोल स्वच्छ खिडक्या दिसतात. ३० ते ३०० प्लाक असलेलीच प्लेट मोजायची.

बफरबद्दल थोडं सविस्तर. फाज पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर वापरू नका. एसएम बफर करा: लिटरला मीठ ५.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, आणि ०.०१ टक्का जिलेटिन. मॅग्नेशियम फाजचं कवच टिकवून ठेवतं. जिलेटिन मात्र अनेकजण गाळतात, 'त्याने काय होतंय' म्हणून. होतं असं, की पातळ बफरमध्ये फाज जोरात हलवला, फेस आला, की हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे तो निकामी होतो. थोडं प्रथिन असलं की ते आधी त्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि फाज वाचतो. म्हणून जिलेटिन घाला आणि व्होर्टेक्सवर (ट्यूब जोरात हलवणाऱ्या मशीनवर) ट्यूब मिनिटभर धरून उभे राहू नका.

आता कोकणातल्या अडचणी. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की प्लेटच्या झाकणाखाली पाणी धरतं, थेंब पडतात आणि प्लाक एकमेकांत वाहून जातात. खालचा थर ओतला की प्लेट आदल्या दिवशी इन्क्युबेटरमध्ये पालथी ठेवून वाळवा. कापसाची बुचं ओलसर झाली तर त्यातून बुरशी आत उतरते. बुचावर क्राफ्ट पेपर किंवा फॉइल बांधा आणि ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर ओव्हनमध्ये वाळवून घ्या. मे महिन्यात उलट त्रास. ३४ अंशांच्या खोलीत वरचा अगर लवकर गोठत नाही. प्लेट पूर्ण सपाट टेबलावर ठेवा आणि नेहमीपेक्षा दुप्पट वेळ हलवू नका. पंखा बंदच. घाम गाळायची तयारी ठेवा, दुसरा इलाज नाही.

आणखी एक, जे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फारसं कुणी लिहीत नाही. १०० प्लाक मोजले तर निव्वळ योगायोगानेच त्यात १० इकडे-तिकडे होतात. वर पिपेटची चूक. त्यामुळे 'नव्या माध्यमात टायटर १५ टक्क्यांनी वाढलं' असं एकेका प्लेटवरून म्हणण्यात काही राम नाही. प्रत्येक मोजणी तीन प्लेटवर आणि प्रत्येक प्रयोग तीन वेगळ्या दिवशी करा. दुप्पट-तिप्पट फरक दिसला तरच त्याच्या मागे लागा.

तिसरी पायरी: कधी आणि किती फाज टाकायचा

इथे सगळी गंमत आहे, म्हणून सावकाश वाचा.

एमओआय म्हणजे एका जिवाणूमागे किती फाज टाकले. नवख्याला वाटतं, जितके जास्त फाज तितकं उत्पादन जास्त. तसं नाही. फाज पेशींवर सारखे वाटून बसत नाहीत, नशिबाने बसतात. एमओआय १ ठेवला तरी सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात. ३ ठेवला तर ५ टक्के राहतात. सगळ्या पेशींना एकदम लागण करायची तर ५ पर्यंत जावं लागतं, आणि मग मोठ्या प्रमाणावर काम करायला सुरुवातीलाच भलामोठा साठा लागतो. शिवाय जिवाणूंना पुढे वाढायला वाव मिळत नाही, ते तिथेच थांबतात.

म्हणून उत्पादनासाठी एमओआय कमी ठेवतात, ०.०१ ते ०.१. हिशेब करून बघू. ५० मिली कल्चर, मिलीला २० कोटी पेशी. एकूण झाल्या १,००० कोटी. एमओआय ०.०५ हवा, म्हणजे ५० कोटी फाज. तुमच्या साठ्याचं टायटर मिलीला १,००० कोटी असेल तर फक्त ५० मायक्रोलिटर पुरे.

पुढे फ्लास्कमध्ये काय होतं? मिलीला १ कोटी फाज पडले. एवढ्या दाट कल्चरमध्ये पाचेक मिनिटांत बहुतेक फाज पेशींना चिकटतात. टी-फोरला ३७ अंशांवर साधारण २५ मिनिटं लागतात, मग पेशी फुटून प्रत्येकीतून शंभराच्या आसपास किंवा जास्त फाज बाहेर पडतात. म्हणजे अर्ध्या तासाने मिलीला १०० कोटी फाज. तोवर न लागलेल्या पेशी वाढून ५० कोटींच्या घरात गेल्या. आता प्रत्येक पेशीमागे दोन फाज, म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त पेशींना लागण. दुसऱ्या फेरीत तेवढ्या पेशी फुटल्या की मिलीला ४,००० कोटींच्या आसपास फाज. कागदावर. प्रत्यक्षात पेशींच्या तुकड्यांना चिकटून बरेच वाया जातात, तरी १,००० कोटींच्या वर यायला हवं.

हा हिशेब कळला की बिघाड कुठे झाला तेही कळतं. ओडी ०.०५ ला फाज टाकला तर पेशी वाढायच्या आधीच संपतात आणि कल्चर स्वच्छ होतं, पण टायटर कमी. ओडी १ ला टाकला तर दुसरी फेरी येईपर्यंत पेशी थकलेल्या असतात, कल्चर गढूळच राहतं. एलबीसाठी ०.२ ते ०.३ ही जागा बरी. एमओआय फारच कमी, समजा ०.०००१, ठेवला तर दोनाऐवजी तीन-चार फेऱ्या लागतात आणि तोवर जिवाणू म्हातारे होतात. वर फाजला दाद न देणारे बदललेले जिवाणूही वाढायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ झालेला फ्लास्क पुन्हा गढूळ दिसला तर समजा, तेच झालंय.

संसर्गाची ओडी आणि एमओआय या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक पक्की धरून दुसरी बदलली तर अर्धंच चित्र दिसतं. तीन ओडी आणि तीन एमओआय असा नऊ छोट्या फ्लास्कचा चौकोन मांडा. दोन दिवसांचं काम आहे आणि सगळ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त शिकवणारं हेच.

हवा, तापमान, क्षार

हवा कमी पडली की ई. कोलाय आम्ल सोडतो आणि वाढ मंदावते. माध्यमात ग्लुकोज घातलं असेल तर हे आणखी लवकर होतं. ग्लुकोज जास्त झालं की हवा असूनही तो अ‍ॅसिटेट बाहेर टाकतो. 'साखर घातली की चांगलं वाढेल' हा समज फाजच्या कामात महागात पडतो. दाट कल्चर हवंच असेल तर ग्लिसरॉल बरं. पण आधी एलबीवरच हात बसवा.

तापमान ३७ ठेवा. ३० ला टी-फोर चालतो, फक्त सगळं हळू होतं. एम-थर्टीनसारख्या दोऱ्यासारख्या फाजना मात्र ३७ लागतंच, कारण ते पेशीच्या ज्या केसासारख्या भागाला पकडतात तो थंडीत तयारच होत नाही. एम-थर्टीन पेशी फोडतही नाही, जिवंत पेशीतून सतत झिरपत राहतो. त्यामुळे 'कल्चर स्वच्छ होईपर्यंत थांबा' हा सल्ला तिथे लागू नाही. लॅम्डा फाज करताय तर माल्टोज ०.२ टक्के आणि मॅग्नेशियम १० मिलिमोलर घाला. लॅम्डा ज्या प्रथिनाला चिकटतो ते माल्टोज असल्यावर जिवाणू जास्त बनवतो. तिथे ग्लुकोज घातलं तर ते प्रथिन बंदच होतं.

क्षारांपैकी मॅग्नेशियम सल्फेट १ ते १० मिलिमोलर बहुतेकांना मानवतं. कॅल्शियम काहींना लागतं, काहींना नाही. तुमच्या फाजसाठी एकदा घालून, एकदा न घालता बघा आणि विषय संपवा.

लाईट जाण्याचं काय करायचं? पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की दोन-दोन तास पत्ता नसतो. शेकर बंद पडला की वीस मिनिटांत कल्चरचा श्वास कोंडतो. इन्व्हर्टरवर इन्क्युबेटर आणि फ्रिज जोडलेले असतात, शेकर नसतो. तो जोडून घ्या. नाहीच जमलं तर त्या दिवशीचा निकाल वहीत वेगळ्या शाईने लिहा, सरासरीत मिसळू नका.

कापणी

टी-सेव्हन असेल तर तासाभरात फ्लास्क बघताबघता निवळतो. दोरे-दोरे तरंगतात, फ्लास्क हलवला की आतलं पाणी किंचित चिकट वाटतं. तो चिकटपणा फुटलेल्या पेशींच्या डीएनएचा. टी-फोर मात्र नवख्याला फसवतो. लागण झालेल्या पेशीवर बाहेरून आणखी फाज येऊन आदळले की तो पेशी फोडणं लांबणीवर टाकतो आणि आत फाज साठवत बसतो. कल्चर तासनतास गढूळ दिसतं. 'फेल गेलं' म्हणून ओतून देऊ नका, उलट त्या पेशी भरगच्च भरलेल्या असतात. तीन-चार तासांनी थोडं क्लोरोफॉर्म घातलं, शंभर मिलीला एक मिलीच्या आसपास, आणि हलवून दहा मिनिटं ठेवलं की त्या फुटतात.

क्लोरोफॉर्म वापरताना काच किंवा पॉलिप्रॉपिलीनच्याच ट्यूब घ्या. साध्या पॉलिस्टायरीनच्या ट्यूब विरघळून धुरकट होतात. आसपास ज्योत नको, फ्यूम हूड नसेल तर निदान खिडकी उघडी हवी. एम-थर्टीनसारख्या आणि चरबीचं आवरण असलेल्या फाजला क्लोरोफॉर्म मारतं, तिथे वापरू नका.

मग सेंट्रिफ्यूज, ५,००० ते ८,००० जी वर १०-१५ मिनिटं. वरचं पाणी अलगद काढा, तळाशी बसलेला क्लोरोफॉर्मचा थेंब घेऊ नका, तो काही फिल्टरही खातो. नंतर ०.४५ किंवा ०.२२ मायक्रॉनची गाळणी. टी-फोरसारखा मोठा फाज ०.२२ मध्ये थोडा अडकतो, म्हणून गाळण्याआधी आणि नंतर टायटर बघा. आणखी दाट करायचं असेल तर पॉलिएथिलीन ग्लायकॉल ८,००० दहा टक्के आणि १ मोलर मीठ घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी सेंट्रिफ्यूज करून गाळ एसएम बफरमध्ये घ्या. साठा ४ अंशांवर महिनोन्‌महिने टिकतो. डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा तर ग्लिसरॉल घालूनच.

फर्मेंटर मिळाला तर

फ्लास्कमध्ये सापडलेले आकडे फर्मेंटरमध्ये जसेच्या तसे चालत नाहीत, पण दिशा तीच राहते. दोन लिटरचं भांडं असेल तर सव्वा लिटरच्या वर भरू नका, वर फेसाला जागा हवी. पीएच ७, तापमान ३७, विरघळलेला ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. तो घसरला की आधी ढवळण्याचा वेग वाढवा, मग हवा.

फर्मेंटरचा खरा फायदा ऑक्सिजनच्या आकड्यात आहे. जिवाणू वाढत असतात तोवर तो हळूहळू उतरतो, कारण ते ऑक्सिजन खात असतात. पेशी फुटायला लागल्या की खाणारेच कमी होतात आणि तीच रेघ काही मिनिटांत वर उसळते. ओडीसाठी नमुना काढायच्या आधीच पडद्यावर लायसिस, म्हणजे पेशींचं फुटणं, दिसतो. रेघ वर जाऊन सपाट झाली की फार वेळ न घालवता कापणी करा. नुसतं ढवळत ठेवलं तर फेस आणि पेशींचे तुकडे टायटर खाली आणतात.

लायसिसच्या वेळी फेस अचानक वाढतो. पेशींतली सगळी प्रथिनं आणि डीएनए एकदम बाहेर पडतात. हवा बाहेर जाण्याचा फिल्टर ओला झाला तर तुंबतो आणि फाजसकट फेस बाहेर येतो. अँटिफोम हाताशी ठेवा, पण थेंबाथेंबाने घाला, जास्त झालं की ऑक्सिजन विरघळत नाही. तो अँटिफोम तुमच्या फाजला बाधत नाही ना, हे आधी ट्यूबमध्ये तपासलेलं असू द्या.

यश मोजताना फक्त मिलीमागे किती पीएफयू (प्लाक पाडणारे फाज) एवढंच बघू नका. किती तासांत मिळाले आणि माध्यमावर किती खर्च झाला, हेही भागून बघा. महागड्या माध्यमात दीडपट फाज आणि चौपट खर्च, हा सौदा परवडत नाही.

कोळंबीवाल्यांनी विचारलं तर

किनाऱ्यावर राहून फाजवर काम करता म्हटल्यावर कुणीतरी विचारणारच, 'आमच्या तलावात टाकता येईल का?' प्रश्न अगदीच हवेतला नाही. कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना मारणाऱ्या चमकणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूवर फाज वापरून मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी काम केलेलं आहे. पण तुमच्या फ्लास्कमधला ई. कोलायचा फाज व्हिब्रिओला स्पर्शही करणार नाही, आणि कच्च्या लायसेटमध्ये जिवाणूंची विषारी मोडतोड भरपूर असते. परवानगीशिवाय आणि मत्स्य तज्ज्ञांशिवाय कुणाच्या तलावात काही ओतू नका. शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, त्यांना तिकडे पाठवा.

लॅबमध्ये फाज पसरू नये म्हणून

हा भाग शेवटी आला म्हणून कमी महत्त्वाचा नाही. फाज एकदा लॅबभर पसरला की शेजारच्या टेबलावर साधं क्लोनिंग करणाऱ्याचं कल्चरही रात्रीत निवळतं आणि तो तुमच्याशी बोलणं बंद करतो. टी-वन नावाचा फाज तर वाळलेल्या अवस्थेतही टिकतो, तो उगाच हौस म्हणून आणू नका.

यजमानाचं कल्चर सकाळी लावा, फाजचं काम दुपारनंतर. फाजचे पिपेट, टिपा, अ‍ॅप्रन वेगळे. शक्य असेल तर खोलीही वेगळी. टेबल ताज्या हायपोक्लोराइटने (ब्लीचने) पुसा, नुसत्या स्पिरिटवर विसंबू नका. ब्लीच उघडं राहिलं की त्याचा जोर उतरतो, म्हणून दर आठवड्याला नवं पातळ करा. फाज लागलेलं सगळं काचसामान धुण्याआधी ऑटोक्लेव्ह करायचं, नंतर नाही.

फर्मेंटर दुसऱ्याला देण्याआधी भांडं, नळ्या, नमुना काढायची तोटी, बाहेरच्या हवेचा फिल्टर, सगळं १२१ अंशांवर. मग त्यात फाज न घालता नुसता यजमान रात्रभर वाढवा. सकाळी थोडं कल्चर सेंट्रिफ्यूज करून गाळा आणि वरचं पाणी यजमानाच्या ताज्या प्लेटवर थेंबाने ठेवा. थेंबाखालची हिरवळ शाबूत असेल तर चावी परत करा. गोल खिडकी दिसली तर गॅस्केट बदला आणि पुन्हा ऑटोक्लेव्ह लावा.